आबांची भिंत, नानांचे पत्रे

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घराच्या दोन खोल्या मातीच्या धाब्याच्या होत्या आणि तिसरी नानांच्या हौसेची होती. नाना म्हणजे माझे वडील. एका जिनिंगमध्ये ते कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांच्या कापसाच्या गाठी मोजून झाल्यावर आपल्या हातूनही काहीतरी उभं राहावं, असं त्यांना फार वाटायचं. म्हणून त्यांनी घराच्या मागच्या अंगाला तीन भिंती उठवल्या. चौथी बांधायचं कारणच नव्हतं, तिथे आबांच्या घराची भिंत आयती उभी होती. आबा हे नानांचे थोरले भाऊ, हायस्कुलात कवायत शिकवायचे. त्यांचं घर माडीचं, त्यामुळे ती भिंत आमच्या डोक्यावरून खूप उंच गेलेली. पत्र्यांचं वरचं टोक त्या भिंतीला टेकवलं, खालचं टोक अंगणाकडे उतरतं सोडलं, नारळ फुटला, आणि नानांनी सगळ्यांना खोबरं वाटत सांगितलं, "ही खोली आपल्या हातची आहे. शंभर वर्षं बघायला नको."

शंभर वर्षं कशाला, पहिल्या पावसाळ्यापासूनच तिच्याकडे बघावं लागलं. पत्रा जिथे भिंतीला भेटत होता तिथून पाणी आत येई. धो धो नाही, पण असं चिवट, की बाहेरचा पाऊस उघडून गल्लीतली पोरं खेळायला लागली तरी आमच्या खोलीत तो चालूच असे. आई मग भांडी मांडायची. पितळी पातेल्यात थेंब पडला की शाळेच्या घंटेसारखा आवाज, ॲल्युमिनियमच्या डब्यात पडला की कुणी टिचकी मारल्यासारखा, आणि मातीच्या परातीत पडला की काहीच नाही, नुसतं 'हं'. मी त्या वेळी मॅट्रिकच्या आसपास होते. भूमितीची प्रमेयं पाठ करताना त्या तालात करायची सवय लागली होती. आजही 'समद्विभुज त्रिकोण' म्हटलं की मला पातेलं ऐकू येतं.

नानांचा एकाच गोष्टीवर विश्वास होता, सिमेंटवर. सर्दीवर सुंठ तसं गळतीवर सिमेंट. दर उन्हाळ्यात ते शिडी लावून वर चढत आणि पत्रा व भिंत यांच्यातल्या फटीत सिमेंटचा जाडजूड लेप थापत. थापताना जीभ बाहेर काढून, डोळे बारीक करून असे काही रंगून जात की खालून आई म्हणायची, "लोण्याची वाटी भरताय जणू." लेप दिसायचाही सुंदर, गुळगुळीत, राखाडी. पण आमच्या धुळ्याचा उन्हाळा काय असतो ते नानांना कुणी सांगायला हवं होतं का? पत्र्यावर चिवडा भाजून निघेल असं ऊन. दिवसा पत्रा तापून पसरायचा, पहाटे आकसायचा. भिंत मात्र जागची हलत नसे. मधल्या बिचाऱ्या सिमेंटनं कुणाचं ऐकायचं? मृगापर्यंत त्याला केसाएवढी चीर पडलेली असायची आणि पाण्याला केसाएवढी वाट पुरते. नाना म्हणायचे, "या वर्षी माल कच्चा लागला." पुढच्या वर्षी आणखी जाड लेप.

आता मी जळगावला मुलाकडे असते, वरच्या मजल्यावर. परवा आमच्याही छताला ओल आली, तेव्हा एक तरुण मनुष्य टाय लावून आला आणि केमिकलचे डबे दाखवू लागला. मी त्याला विचारलं, "बाळा, पाणी कुठून येतंय ते पाहिलंस का?" तो म्हणाला, "मावशी, आपण सगळीकडेच लावून टाकू." मला एकदम नानांची आठवण झाली आणि मी त्याला चहा दिला.

खरं तर नानांनी शेजारी जाऊन आबांना एवढंच विचारायला हवं होतं, की बाबा, तुझ्या भिंतीचं काय करता येईल? पण ते जमणारं नव्हतं, कारण दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. अबोल्याचं कारण शेत नव्हतं, घर नव्हतं. कारण होतं वांगं. आबांच्या सासरी, भडगावला, गिरणेकाठच्या मळ्यात हिवाळ्यात भरताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत कुटली, कांद्याची पात पडली, शेंगदाणे पडले, सोबत कळण्याची भाकरी. पंगत रंगात आलेली असताना कुणीतरी नानांना विचारलं, "काय पाहुणे, कसं झालंय?" नानांनी घास गिळून फार विचारपूर्वक उत्तर दिलं, "बरंय. पण यावलच्या वांग्याची सर नाही. यात वांगं कमी, धूर जास्त." यावल म्हणजे माझ्या आईचं माहेर. आबा पंगतीतून उठले नाहीत, पण मोठ्यानं म्हणाले, "सासूच्या हातचा दगड बी याले गोड लागस." पंगत हसली. नाना हसले नाहीत. ते त्या दिवशी एसटीत वेगळ्या बाकावर बसून परत आले आणि त्यानंतर दोघांमध्ये शब्द नाही.

अबोला दोघांपुरता होता. बायकांनी तो कधी मनावर घेतला नाही. मोठमाय, म्हणजे आबांची बायको, रोज मागच्या दारी आईशी बोलायची. वाटीनं कढी यायची, वाटीनं शेवभाजी जायची. भाऊ मात्र एकमेकांच्या अंगणातून जाताना हवेशी बोलत. आबा सायकल पुसता पुसता म्हणत, "काही लोकांनी आपल्या मोरीचं पाणी बघावं." नाना दाढी करताना आरशाला सांगत, "काही लोकांना शिट्टी फुंकायची सवय, घरातही फुंकतात." मला दोघांच्या मधून शाळेत जावं लागे.

गळतीची हद्द झाली ती बिबड्यांवरून. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. उन्हाळ्यात आईनं आणि मोठमायनं मिळून ज्वारी भिजवली, आंबवली, शिजवली, खाटांवर धोतरं पसरून थापे घातले. आठवडाभर हाताची कातडी सोलपटली. त्याचा मोठा डबा पत्र्याच्या खोलीत फळीवर ठेवला होता. श्रावणात पाहुणे आले, तेल तापलं, आईनं डबा उघडला, आणि आत हिरवी मखमल. वरून एक बारीक धार झाकणाच्या खळग्यात साठून कडेनं आत उतरत राहिली होती. पाहुणे गेल्यावर नाना जेवायला बसले तेव्हा आईनं तो डबा उचलून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि भाजीच्या चमच्यानं झाकण उघडलं.

नानांनी आत पाहिलं. "माल कच्चा लागला," असं ते सवयीनं म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी आईनं पिशवी भरली. रागावली की तिची बोली थेट माहेरची व्हायची. "मी चालली यावलले. थेंब पडनं बंद व्हईन तधी बोलवा मले." नाना म्हणाले, "अगं, मी आजच सिमेंट आणतो." त्यावर आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते शिडीसारखे भिंतीला टेकून उभे राहिले. आई गेली. बसस्टँडवर मी तिला पोचवायला गेले होते. खिडकीतून ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाला बट्टी करू देऊ नको."

पण नानांनी बट्टी केलीच. वरण-बट्टीतली बट्टी भाजून फुटायला हवी. नानांची फुटली नाही, तिनं आमच्या पाट्याचा टवका उडवला. मी भाकरी थापायची, ती नकाशातल्या देशासारखी व्हायची. मोठमाय रोज झाकून ताट पाठवायची आणि नाना ते पाहून म्हणायचे, "त्या घरचं अन्न मला नको." मग मी अंगणात गेले की झाकण वाजायचं. परत आल्यावर ताट स्वच्छ, आणि नाना पेपर उलटा धरून वाचत बसलेले. दोन-तीन वेळा त्यांनी यावलला चुलतसासऱ्यांच्या दुकानात फोन लावला. दरवेळी तिकडून निरोप आला, "ती म्हणते, थेंब पडतो का विचारा." नाना खोटं बोलत नसत. ते फोन ठेवून देत. एका संध्याकाळी ते पत्र्याच्या खोलीत आईच्या ट्रंकेवर बसलेले मला दिसले. ट्रंकेवर गंजाचे ओघळ उतरले होते आणि नाना ते धोतराच्या सोग्यानं पुसत होते. डाग काही जात नव्हते. तेव्हा मला प्रथमच भीती वाटली, की आई खरंच येणार नाही की काय.

मोठमायलाही ते दिसलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती मागच्या दारातून सरळ आत आली, पदर खोचून. मोठमाय अंगानं दणकट, भडगावच्या शेतकरी घरातली. ती दिरासमोर कधी फार बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली, "नानाभाऊ, पानी कोठून येस ते तुम्हले माहीत शे का?"

"खिळ्यांच्या भोकातून," नाना म्हणाले. "फट तर मी सिमेंटनं बुजवलीय, मग दुसरं कुठून येणार?"

"मंग बठा मझार. मी मन्ही माडीवरतून पानी टाकस. खिळासवर टाकसू, मंग भिंतवर टाकसू. दखू कोठून येस."

सिमेंट थापायच्या आधी कुणी काही तपासून पाहतं, ही गोष्टच नानांना नवी होती. पण ते मझार, म्हणजे आत, बसायला तयार झाले. चार-पाच दिवस पाऊस उघडला होता, आबांच्या अंगणातली पन्हाळीखालची पिंपं भरलेली होती, त्यामुळे पाण्याची ददात नव्हती. नाना खोलीच्या मधोमध स्टूल टाकून बसले. मी त्यांना छत्री देऊ लागले तर म्हणाले, "कशाला? खिळ्याच्या भोकातून येऊन येऊन किती येणार?" मी आबांच्या माडीवर गेले. मोठमाय खिडकीत उभी, मी बादल्या भरून देणार.

पहिली बादली तिनं पत्र्याच्या खालच्या अंगाला टाकली. थांबलो. खालून नानांचा आवाज, "कोल्लं शे!" कोल्लं म्हणजे कोरडं. नाना एरवी शुद्ध बोलत, पण जीव गुंतला की अहिराणीवर येत. दुसरी बादली जरा वर, बरोबर खिळ्यांच्या रांगेवर. "कोल्लं शे!" या वेळी आवाजात थोडी निराशा होती. तिसरी आणखी वर, भिंतीपासून हातभर अलीकडे. "कोल्लं." मग मोठमायनं चौथी बादली घेतली आणि पत्र्यावर न टाकता हळूच आपल्या स्वतःच्या भिंतीवरून सोडली. पाणी भिंतीला चिकटून खाली गेलं, नानांच्या सुंदर गुळगुळीत सिमेंटपाशी पोचलं, आणि नाहीसं झालं. पत्र्यावर आलंच नाही. मग खालून आवाज आला, "अरे! अरे! मानमा गयं!"

मोठमायनं माझ्याकडे पाहिलं. असं समाधान मी पुढे फक्त मुलगा बोर्डात आलेल्या आयांच्या तोंडावर पाहिलं.

आणि नेमक्या त्या वेळी आबा शाळेतून आले. त्यांनी जिन्यातूनच ओरडून विचारलं, "काय करी राह्यनी वं?" मोठमाय म्हणाली, "नानाभाऊवर पानी टाकी राह्यनू." आबांनी खिडकीतून डोकावलं. खाली पत्र्याच्या आडून आपल्या धाकट्या भावाचे शिंकण्याचे आवाज ऐकले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला सांगता येणार नाही. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी खुंटीला लावली. "दे ती बादली," ते म्हणाले. "तुले जमाव नही."

मग आबांनी एक बादली सोडली, आणखी एक सोडली, मला म्हणाले, "पिंप संपलं तर हौदातलं आण." खालून नानांना वाटत होतं वहिनीच टाकतेय. ते मोठ्या आदरानं म्हणत होते, "वहिनी, कळलं, कळलं आता! बास!" आबा तोंडावर रुमाल धरून हसत होते आणि दुसऱ्या हातानं ओतत होते. शेवटी नाना खोलीतून अंगणात आले, कपडे अंगाला चिकटलेले, डोळ्यांवरून ओघळ, आणि त्यांनी वर पाहिलं. खिडकीत बादली घेतलेले आबा.

किती तरी वर्षांनी नाना आपल्या भावाशी थेट बोलले. "बास व्हयनं आते, आबा!"

आबांनी बादलीत वाकून पाहिलं. "बास कसं? अर्धी शे अजून." आणि तीही रिकामी केली.

नाना तसेच ओले आबांच्या अंगणात गेले. मला वाटलं आता मारामारी होते. पण मोठमाय जिन्यातून त्यांच्या आधी खाली पोचली होती. तिनं नानांच्या हातात टॉवेल दिला आणि दोघांच्या मधे उभी राहून सांगितलं, की तिच्या बापाच्या गोठ्याचे पत्रेही असेच भिंतीला टेकलेले आहेत आणि तिथे कधी गळत नाही. तिथे फटीत काही भरलेलंच नाही. पत्र्याच्या वर, विटांच्या दोन थरांमध्ये एक खाच पाडली आहे. त्या खाचेत जस्ताच्या पत्र्याची वाकवलेली पट्टी घुसवली आहे, खाच बुजवली आहे, आणि पट्टीची खालची कड पत्र्यावर वीतभर नुसती पडून आहे. चिकटवलेली नाही. भिंतीवरून आलेलं पाणी पट्टीवर येतं, पट्टीवरून पत्र्यावर, पत्र्यावरून अंगणात. पत्रा उन्हानं कितीही सरको, पट्टीखाली सरकतो.

नाना डोकं पुसायचे थांबले. टॉवेल डोक्यावर तसाच होता. "म्हणजे चिकटवायचं नाही?" त्यांनी विचारलं. आयुष्यभर चिकटवत आलेल्या माणसाला हे जड जात होतं. मग म्हणाले, "पण हा गोठा भडगावचा."

"मग काय यावलचा?" आबा गरजले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "थांब. खाच कोठे पाडशात? मन्ही भिंतमा? मन्ही भिंतले छन्नी लावशी तू?"

इथे सगळं अडलं. आबांचं त्या भिंतीवर फार प्रेम होतं. ती त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती, विटा पाण्यात बुडवून, एकेक ठोकून. नानांनी टॉवेल घडी करून मोठमायला परत दिला. मग अगदी हलक्या आवाजात, आबांकडे न बघता म्हणाले, "आबा, ती येत नाही रे. फोनवरसुद्धा येत नाही."

आबांनी उगाच सायकलची घंटी एकदा वाजवली. मग म्हणाले, "तुन्हा हातनी खाच नको. तू वाकडी पाडशी. मी पाडस."

रविवारी काम निघालं. बाजारातल्या ट्रंका करणाऱ्याकडून जस्ताच्या पट्ट्या वाकवून आणल्या. आबा शिडीवर, नाना शिडी धरून. आधी नानांच्या हातानंच तो जुना लेप काढायचा होता. तो हातोड्यानं फोडताना त्यांनी दोनदा तोंड फिरवलं. मग आबांनी छन्नी लावली. इतकी वर्षं मनात साठवलेलं सगळं दोघांनी त्या दिवशी बाहेर काढलं. "डावीकडे उतरतेय!" "तुझा डोळा उतरतोय!" "दोरी लाव, दोरी!" "मी पोरांच्या रांगा डोळ्यानं सरळ करतो, दोरीनं नाही!" दोरी लावली तेव्हा खाच खरोखरच डावीकडे उतरत होती. आबा म्हणाले, पाण्याला उतार हवाच. गल्लीतली निम्मी माणसं आपापल्या ओट्यावर बसून ऐकत होती. संध्याकाळी मोठमायनं भरीत केलं. ते भडगावच्या वांग्यांचं होतं. नानांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि या वेळी कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी नाना रजा टाकून यावलला गेले. संध्याकाळी एकटेच परत आले, हातात केळ्यांची फणी. आईनं विचारलं होतं, "त्यावर पाऊस पडला का?" ते म्हणाले होते, "अजून नाही." "मग पडू द्या," म्हणून तिनं केळी बांधून दिली होती. आता नाना आणि आबा दोघंही रोज आभाळाकडे बघू लागले. लग्नघरात वरातीची वाट बघतात तशी. ढग यायचे, लळिंगच्या डोंगरावर टेकायचे आणि निघून जायचे. आबांनी तर एकदा ढगाला शिट्टी मारली.

अखेर पाऊस आला, तो दुपारी आणि दणकून. नाना खोलीत हात वर करून उभे राहिले. आबा छत्री घेऊन आले आणि तेही हात वर करून उभे राहिले. भिंतीवरून पाणी उतरताना ऐकू येत होतं, पट्टीवर त्याचा तडतडाट होत होता, आणि हातावर काही पडत नव्हतं. पाऊस चालू असतानाच नाना बसस्टँडकडे निघाले. त्यांना आठवण करून द्यावी लागली की पायात चपला नाहीत.

आई दुसऱ्या दिवशी आली तेव्हाही झड लागलेलीच होती. तिनं आल्या आल्या पत्र्याच्या खोलीत जाऊन भिंतीवरून तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग तोच तळहात गालाला लावून पाहिला.

"कुनी केलं?" तिनं विचारलं.

"मी," नाना म्हणाले.

"मी," आबा म्हणाले. "हा नुसता शिडी धरीसन उभा व्हता."

"पट्ट्या कोणी आणल्या?"

"भिंत कोन्ही शे?"

"आणि पाणी कोणाच्या अंगावर पडलं?"

दोघांचे आवाज चढले. मोठमाय दारात उभी होती, तिनं डोळे फिरवले आणि आईसाठी चहा ठेवायला गेली. आईनं चटई ओढली, पिशवी उशाला घेतली आणि प्रवासानं आंबलेली पाठ टेकायला म्हणून आडवी झाली. डोक्यावर पत्रा नुसता कडकडत होता. मी चहा घेऊन आले तर ती गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात चटईबाहेर मोकळा टाकलेला. भर पावसात, भर दिवसा झोपलेली आई मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

मी तोंडावर बोट ठेवलं. नाना आणि आबा एकदम गप्प झाले, तिच्याकडे बघत राहिले. मग दोघं पावलं न वाजवता भिंतीच्या कडेला जाऊन बसले, एकमेकांच्या कानाशी तोंड नेलं, आणि भांडण पुढे चालू केलं, कुजबुजत.